टागेच्या तुकडीतली चौथी जागा

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या ग्रानलीडेन गावात टागे लिंडवालचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जाई. शाळा उबदार ठेवणारा बॉयलर त्याच्या हाताखाली सव्वीस वर्षांत एकदाही थंड पडला नाही, ही पहिली. आणि त्याने दिलेला निकाल कधी फिरला नाही, ही दुसरी. पुढे शाळेला पुरेशी मुलं उरली नाहीत, शाळा बंद झाली आणि बॉयलर निवला. निकाल देण्याचं काम मात्र त्याच्याकडे राहिलं, कारण गावाच्या एल्क-शिकारीच्या, म्हणजे थोराड रानहरणांच्या शिकारीच्या, मंडळाचा तो म्होरक्या होता.

लग्न त्याने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणे, बॉयलरला सवत खपली नसती. उंच, किंचित वाकलेला, बोलण्याआधी जिभेवर शब्द फिरवून बघणारा माणूस. शिकारीत कुणी चुकलं, बंदूक भरलेली ठेवून कुंपण ओलांडलं, किंवा म्होरक्याला न सांगता आपली बंदूक दुसऱ्याच्या हाती दिली, तर त्याच संध्याकाळी जंगलातल्या लाकडी खोपटात सगळ्यांसमोर त्याचा निकाल लागे. एकट्याला बाजूला घेऊन समजावणं नाही, आडपडदा नाही. बापाच्या वेळेपासूनची ही रीत. समोरासमोर बोललेलं मागाहून कुजत नाही, असं बाप म्हणत असे, आणि टागेने ते मनावर कोरून घेतलं होतं.

मंडळातले टागेचे जवळचे सोबती एकेक करून पांगत गेले. होकन नॉर्वेच्या किनाऱ्यावर मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर कामाला गेला. बोसे उमेओ शहरात जाऊन बस चालवू लागला. त्या टोळीतले गावात राहिले टागे आणि सिक्स्टेन मार्कलुंड. सिक्स्टेन टागेपेक्षा पाच वर्षांनी मोठा. जंगलात झाडं तोडायचं अजस्र यंत्र चालवण्यात त्याचा जन्म गेला. तळ्याच्या पलीकडे बायकोसोबत, गुनवरसोबत, राही. टागे आणि तो, दोघे तेहेतीस शरद ऋतू, जनावराची वाट बघत, शिकारीच्या शेजारच्या ठाण्यांवर उभे राहिले होते, आणि त्या तेहेतीस वर्षांत त्यांच्यात जेवढं बोलणं झालं तेवढं बोसे उमेओच्या एका फेरीत बोलून मोकळा होई.

सप्टेंबरात शिकारीला भेटायचं आणि अकरा महिने मुकं राहायचं, हे होकनला सोसेना. एका नाताळात तो आला आणि या दोघा म्हाताऱ्यांच्या कॉम्प्युटरवर त्याने एक लढाईचा खेळ बसवून दिला. खेळ थेट उघडत नसे. आधी ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडायचं, आपलं नाव आणि परवलीचा शब्द घालायचा. मग कोण कोण आलंय ते दिसे. आलेल्याच्या नावाशेजारी हिरवा ठिपका. सर्व्हर, म्हणजे कुठल्या मैदानावर खेळायचं ते, निवडून बटण दाबलं की पान मागे पडे आणि रणांगण समोर उभं राही. दर गुरुवारी संध्याकाळी सातला चार ठिपके लागत.

चौघांची एक तुकडी. खेळाचा नियम असा की मेलेला गडी तुकडीतल्या जिवंत गड्याच्या पाठीशी पुन्हा उभा राहू शकतो. म्हणजे तिघे पडले तरी चौथा जिवंत आहे तोवर तुकडी जिवंत. तो एकटा म्हणजे बाकी तिघांचं दार. हे दार सिक्स्टेन असे. नेमबाजीत तो यथातथाच, पण लपावं कसं, वारा कुठला, माणूस कुठून येणार, हे त्याला जंगलाने शिकवलेलं. पडक्या भिंतीआड तो बसून राही आणि हळूच म्हणे, "या रे पोरांनो, इथे कोरडं आहे." आणि तिघे त्याच्या पाठीशी उभे राहत.

दुसऱ्या वर्षी टागेने स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेतला आणि तिथलाही म्होरक्या झाला. परका आत येऊ नये म्हणून तुकडीला कुलूप घालायची सोय होती, ते त्याने लावलं. पानावर नियम लिहिले, ते शिकारीचेच नियम होते: दुसऱ्याच्या नावाने खेळू नये, लबाडी करू नये, लबाडाला सगळ्यांसमोर काढलं जाईल. खेळाला एक राखणदार प्रोग्रामही जोडलेला होता. तो प्रत्येकाच्या पडद्याची मधूनमधून छायाचित्रं काढून टागेकडे पाठवी. भिंतीपलीकडचं दाखवणारे, आपोआप नेम धरणारे चोरटे प्रोग्राम लोक वापरत, ते पकडायला ही सोय. टागे ती चित्रं पूर्वी बॉयलरचा काटा बघे तशी रोज सकाळी बघायचा.

त्या नोव्हेंबरात सिक्स्टेन तीन गुरुवार आला नाही. सर्दी आहे म्हणाला. चौथ्या गुरुवारी परतला, आणि जानेवारी उजाडेतो वेगळाच झाला. जिथे तो बसून राही तिथून आता गोळ्या सुटू लागल्या, आणि लागू लागल्या. पानावर प्रत्येकाचा हिशोब सगळ्यांना उघडा दिसे. सिक्स्टेनच्या शंभरातल्या दहा गोळ्या लागत, त्या आता बावीस लागत होत्या.

बोसेने चिडवलं, "म्हाताऱ्या, नवे डोळे बसवलेस की काय?"

"डोळे जुनेच आहेत," सिक्स्टेन म्हणाला. "गुनवरने चष्मा पुसून दिलाय."

सगळे हसले, टागेही. पण मग परक्या खेळाडूंच्या तक्रारी यायला लागल्या की तुमच्या तुकडीतला तो म्हातारा लबाडी करतो. टागेने चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. त्यांत काही नव्हतं. पण एकदा शंका शिरली की ती लाकडातल्या किड्यासारखी, दिसत नाही, फक्त कुरकुर ऐकू येते. टागे खेळता खेळता कान देऊन ऐकू लागला.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी त्याला हेडफोनमधून सिक्स्टेन कॉफी पिताना ऐकू आला. सिक्स्टेन जुन्या माणसांसारखी कॉफी बशीत ओतून, दातांत साखरेचा खडा धरून पिई. तो लांब सुरका टागेने हजार वेळा ऐकला होता. बशी दोन्ही हातांनी धरावी लागते, एका हाताने ती सांडते, हे या मुलखातलं शेंबडं पोरही सांगेल. सुरका चालू होता, आणि त्याच वेळी सिक्स्टेनचा सैनिक जिना चढून धावत होता, वळत होता, गोळ्या झाडत होता. तीन माणसं पडली. मग बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

बशी दोन हातांत, मग बंदूक कुणाच्या हातात? दुसरं उत्तर त्याला सुचलं नाही. तो डाव संपेपर्यंत थांबला आणि रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर बोलला.

"सिक्स्टेन, तुझ्यासाठी प्रोग्राम गोळ्या झाडतोय. मी ऐकलंय. तुला काढावं लागेल."

होकन म्हणाला की अरे, आधी विचारून तरी बघ. टागे म्हणाला, विचारतोच आहे, सगळ्यांसमोर. सिक्स्टेनच्या पाठीमागे कुठेतरी खुर्ची सरकली.

"बरं," सिक्स्टेन म्हणाला.

टागेने बंदीचं बटण दाबलं. नियमाप्रमाणे त्याने नाव सगळ्या सर्व्हरांच्या सामाईक यादीतही पाठवलं. ती यादी परदेशातले कुणी हौशी लोक ठेवत. तिच्यात नाव गेलं की ते नाव कुठेच खेळू शकत नसे. हिरवा ठिपका विझला. त्यानंतर गुरुवारी तिघे जमत आणि लवकर उठत. चौथ्या जागेला टागेने कुलूप तसंच ठेवलं होतं. कोणासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एप्रिलमध्ये वाणसामानाच्या दुकानात त्याला कळलं की जवळच्या ओसेले गावाहून पोलीस आले आणि सिक्स्टेनच्या दोन्ही बंदुका घेऊन गेले. गुन्हा कसलाच नव्हता. डॉक्टरांनीच कळवलं होतं, तसा कायदा आहे. कारण काय, असं टागेने विचारलं. काउंटरवरच्या बाईने नुसता आपला हात पुढे धरला आणि थरथरवून दाखवला.

टागे सामान तिथेच ठेवून गाडीत बसला.

गुनवरने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. सिक्स्टेन स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. त्याचे हात मांडीवर होते आणि दोन्ही हात स्वतःचंच काहीतरी करत होते, पकडून आणलेल्या पाखरांसारखे. टेबलावर एक लाकडी ठोकळा होता, ठोकळ्यावर कॉफीची बशी. गुनवरने त्याच्या दातांत साखरेचा खडा ठेवला. सिक्स्टेन वाकला, बशीला ओठ लावले आणि हात न लावता त्याने तो लांब सुरका मारला.

टागे उभाच राहिला.

"बस की," सिक्स्टेन म्हणाला. "असा उभा राहिलास की वसुलीला आलेला दिसतोस तू."

मग गुनवरने सांगितलं. नोव्हेंबरात त्याला माऊस धरवेना. तीन गुरुवार तो या खोलीत फेऱ्या मारत राहिला. चौथ्या गुरुवारी तिनेच खुर्ची ओढली. विणकाम करणारे हात तिचे, दोन महिन्यांत तयार झाले. बघायचं त्याने, बोलायचं त्याने, बोटं तिची.

"मला त्या गोळ्यांचा आवाज आजही सोसत नाही," ती म्हणाली. "पण तो म्हणे डावीकडे, की मी डावीकडे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पहिल्यांदाच मी त्याचं ऐकत होते. काय हसायचा तेव्हा."

टागेने विचारलं की मला का सांगितलं नाही. खिडकीबाहेर तळ्यावरचा बर्फ काळा पडत चालला होता, तिकडे सिक्स्टेन बघत राहिला.

"सांगितलं असतं तर सप्टेंबरात ठाण्यावर उभं केलं असतंस मला?"

टागेला खोटं बोलता येत नव्हतं. म्हणून त्याने बोलणं खेळाकडे वळवलं.

त्याने सांगितलं की स्वतःच्या सर्व्हरवरची बंदी तो घरी जाताच उठवील. सामाईक यादीवाल्यांना मात्र ज्याचं नाव त्यानेच लिहून द्यावं लागतं, काय झालं, कोण खेळत होतं. दोन ओळी पुरेत. मजकूर टागे टाइप करील, सिक्स्टेनने फक्त हो म्हणायचं.

"माझे हात गेले, असं मी त्या परक्या पोरांना लिहून देऊ?"

"मग नवीन नाव घे. मी कुलूप काढतो."

"माझं नाव आहे ना एक." सिक्स्टेनचा आवाज चढला नाही, उलट मऊच झाला. "तू नियमाने वागलास टागे. नियम मोडला होता हे खरंच आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही काढलं असतं. पण मी आधी येऊन बघितलं असतं. सहा किलोमीटर आहे. फेब्रुवारीत तर तळं गोठलेलं असतं, सरळ आलास तर चारच."

टागेने गुनवरने पुढे ठेवलेली कॉफी संपवली. निघताना त्याने हात पुढे केला, मग आपण काय करतोय ते ध्यानात येऊन मागे घेतला, आणि तेही चुकलंच. सिक्स्टेनने ते पाहिलं.

त्यानंतर टागे दर आठवड्याला जाई. लाकडं फोडून देई, तळ्यातली मासळी नेई. सिक्स्टेन त्याच्याशी नीट बोले, हवेचं, जंगलाचं, बोसेच्या बसचं. खेळाचा विषय टागेने दोनदा काढला. दोन्ही वेळा सिक्स्टेन म्हणाला, "राहू दे आता." जूनच्या शेवटी छातीत कफ भरला आणि चार दिवसांत तो गेला. यादीतलं नाव तसंच राहिलं. मेलेल्या माणसाच्या वतीने कुणाला लिहिता येत नाही, असं उत्तर टागेला आलं.

ऑगस्टमध्ये खोपटात मंडळाची वार्षिक सभा भरली. बावीस माणसं आली होती. होकन आणि बोसेही आले होते. कामकाज सुरू होण्याआधी टागे उठला आणि रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर त्याने सगळं सांगितलं: बशी, सुरका, बटण, ठोकळा. स्वतःला वाचवणारा एकही शब्द त्याने घातला नाही. शेवटी म्हणाला की ज्याला सहा किलोमीटर जाऊन बघता येत नाही त्याने माणसांचा निकाल लावू नये, तेव्हा दुसरा म्होरक्या निवडा.

मग सगळ्यांत म्हातारा एडविन, जो कधी कॉम्प्युटरसमोर बसला नव्हता, त्याने विचारलं, "त्या खेळात मेलेला माणूस परत उठतो ना?"

"उठतो."

"मग एवढं काय?"

टागेला समजावून सांगता येईना. बोसे मान खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिला. एडविन म्हणाला, चुका सगळ्यांच्याच होतात आणि शिकारीचे नकाशे दुसऱ्या कुणाला कळत नाहीत, तेव्हा टागेच राहू द्या, हात वर करा. हात वर झाले. होकनचा उशिरा झाला, पण झाला.

टागे उभा राहून त्या हातांकडे बघत होता. त्याला वाटलं होतं की निदान एकजण नाही म्हणेल. मग हात खाली आले, कुणीतरी चुलीवरून कॉफीची किटली उतरवली, आणि त्याने टेबलावरचा नकाशा पुढे ओढून सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी कोण कुठल्या ठाण्यावर उभा राहणार ते वाचायला सुरुवात केली.