ताईचा बुध

माझ्या थोरल्या बहिणीने बुध ग्रहाचा धसका घेतला आणि नाकीनऊ आले आमच्या. तिची लेक लहानपणापासून अडखळत बोलते. कुणीतरी पत्रिका बघून सांगितलं, पोरीचा बुध बिघडलाय, वाचा त्याच्या ताब्यात. झालं! तेव्हापासून पेणच्या त्या घरात दर बुधवारी मूग. तिला बोलण्याच्या डॉक्टरकडे ने म्हटलं, की ताई म्हणायची, "डाक्टर काय ग्रह फिरवणार हाय?"

आता भाची शिकून मोठी झाली. रोह्याच्या एका कंपनीने लॅबमधल्या नोकरीसाठी मुलाखतीला बोलावलं. मी रोह्यातच राहते, म्हणून आदल्या दिवशी तिला न्यायला पेणला गेले, तर ताईचं आपलं एकच, "बुध सुधरू दे, मंग जाईल. चार लोकांत पोरीचं हसं नको." भाची मान खाली घालून बसलेली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ताई, ज्याला एवढी घाबरतेस, तो कधी बघितलायस तरी का?"

त्या दिवसांत बुध संध्याकाळी दिसत होता, हे मोबाइलवर वाचलं होतं. दोघींना रिक्षात कोंबलं आणि धरमतरच्या खाडीवर नेलं.

बांधावर उभ्या राहिलो. सूर्य डोंगराआड गेला, तरी बुधाचा पत्ता नाही. मेला सूर्याला इतका चिकटून असतो, की उजेडात दिसत नाही आणि अंधार पडेपर्यंत मावळायला टेकतो. हवा धुरकट, त्यात डास. तेवढ्यात ताईने चपला काढल्या, डोळे मिटले, हात जोडले. बघते तर समोर मालवाहू बार्जवरचा दिवा!

"अगं, तो बार्जचा दिवा आहे!"

"मंग आधी नाय का सांगायचं गो?" वर मलाच दम. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी भाचीनेच बोट दाखवलं. डोंगराच्या जरा वर, तांबूस उजेडात, मोहरीएवढा ठिपका. मी मोबाइलवर ताडून बघितलं. तोच होता.

"आई, ह... हा? ह्याच्यासाठी मी घ... घ..."

लेकीचं वाक्य आपणच पुरं करायची ताईची सवय. माझ्या अगदी डोक्यात जाते ती. आताही तिने तोंड उघडलं, त्या ठिपक्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

"...घरी बसायचं?" भाचीने आपलं आपण पुरं केलं.

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मलाही भरून आलं, राग तसाच असूनही. जरा वेळाने पदराने नाक पुसत ती लेकीला म्हणाली, "उद्या मी येऊ सोबत? अडलीस तं मी सांगीन त्यांना."

"न... न..."

ताई थांबली. मीही थांबले. डास फोडून खात होते, पण कुणी हललं नाही.

"नको," भाची म्हणाली.