आईचे पाच वाजतात तेव्हा

कागलच्या हायवेवर मुंबईची बस येईपर्यंत आईने एकच गोष्ट तीनदा विचारली. "तिकडं आत्ता किती वाजलं असतील?"

मी नर्स म्हणून जर्मनीला निघाले होते. साडेतीन तास मागे, मी म्हटलं.

"मागं? मग तू सरल्या येळंत चाललीस व्हय?" ती हसली. बस हलल्यावर मात्र तिने पदर तोंडाला लावला.

ठरलं होतं, रोज तिच्या पाचला, धार काढायच्या आधी, फोन. माझा दीड वाजलेला असायचा, जेवणाची सुट्टी. ऑक्टोबर संपताना इथली घड्याळं तासभर मागे घेतात. पहिल्या वर्षी ते लक्षातच आलं नाही, मी दीडलाच फोन लावला. आई चिडलेली. "तासभर दारात बसलो की! सरकार घड्याळ मागं घेतंय, आन् म्हशीला कोण सांगणार?" मी हसले, पण डबा तसाच परत नेला.

मी वृद्धाश्रमात काम करते. नव्वदीच्या एक बाई मला रोज सकाळी शाळेचं दप्तर मागतात. अशा माणसांना तारीख सांगून दुरुस्त करायचं नाही, त्यांच्या वेळेत जाऊन बसायचं, असं आम्हाला शिकवलंय. मला ते चांगलं जमतं म्हणतात.

गेल्या वर्षी वहिनी आईबद्दल फोनवर म्हणाली, "वन्सं, आत्ती कुणाकुणाला ओळखत न्हाईत. येऊन जावा."

चार वर्षांनी गेले. आई बाहेरच्या सोप्यात बसली होती. "बसा की बाई, च्या घ्या. पर पाचला जरा गप ऱ्हावा. आमच्या सुमीचा फोन येतोय जर्मनीस्नं."

वहिनी काही बोलणार, तिला मी हातानेच थांबवलं. पाचला उठून गोठ्यात गेले. म्हैस केव्हाच विकली होती, तिच्या जागी दादाची मोटारसायकल उभी होती. तिथून आईला फोन लावला.

"सुमे! जेवलीस?"

"जेवले."

"कवा येतीयास?"

खिडकीतून ती पाठमोरी दिसत होती, फोन दोन्ही हातांनी धरलेला.

"येते की. लवकरच."

"ये बाई. हितं एक पावणीबाई आल्यात. लई गप हायत, एकट्या वाटत्यात. त्यांच्यासंगं बसतो जरा."

पंधरा दिवस ती माझ्यासंगं बसली. रोज पाचला मी गोठ्यात जात राहिले.

शाळेत वाटायचं, वेळ सगळ्यांची एकच. आता वाटतं, ज्याची वाट बघायची त्याच्यावर ती चालते. वहिनीची दादाच्या शिफ्टवर, माझी ड्यूटीवर, आईची माझ्यावर. तुमच्यापैकी जे दूर गेलेत त्यांना हे सांगायला नको. घरात मला आता रोजची दहा मिनिटं उरलीत, फोनमधली. बाकी सगळा वेळ आई माझी वाट बघते, मी तिच्या शेजारी बसलेली असले तरीही.