गुळाच्या तीन गाड्या

पंचशीलाचा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. आधी सहाला व्हायचा. हा दीड तास तिने अश्विनसाठी काढला होता.

पंचशीला माझी मुलगी. आम्ही महूचे, फौजी छावणीच्या गावचे. माझे वडील पलटणीत होते, मी सांवेर रोडला एकतीस वर्षं लेथ चालवली. ती भंवरकुआंजवळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची. सियागंज बाजारातले व्यापारी मोबाइलवर माल मागवत. ती मागणी एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे जायची आणि शेवटी गाडी निघायची. त्यातला मागणी नोंदवायचा भाग पंचशीलाचा. व्यापाऱ्याची मागणी तिच्या भागाकडे पाठवायचा भाग अश्विनचा. तो टीमचा लीडही होता.

हे सगळं एका फ्रेमवर्कवर उभं असतं. मला ते असं समजलं: लेथचा बेड, म्हणजे खालचा सांगाडा, तयार मिळतो, त्यावर आपापलं काम बांधायचं. त्या फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली. तिच्यात नव्या सोयी होत्या. पुढून उत्तर आलं नाही, तर फ्रेमवर्क आपणहून तीच मागणी पाठवून पुन्हा विचारणार. प्रत्येक मागणीला एक नंबर पडणार आणि ती कुठून निघाली, कितव्यांदा आली, हे नोंदीत राहणार. तोच नंबर परत आला तर ओळखून अडवायचीही सोय होती. ती मात्र वेगळी चालू करावी लागे.

माहितीपत्रक बासष्ट पानांचं. पंचशीलाने सगळं वाचलं. आत साफ लिहिलं होतं, की अडवायची सोय चालू केल्याशिवाय मागणीच्या कामाला पुन्हा विचारणं लावू नका. तिने अश्विनच्या टेबलाशी जाऊन हे सांगितलं.

"हो जाएगा यार, टेन्शन मत लो," तो म्हणाला. त्याला सोमवारी व्यापाऱ्यांना नवी आवृत्ती दाखवायची होती. गुरुवारी संध्याकाळी त्याने पुन्हा विचारणं सगळ्यालाच लावून दिलं.

शनिवारी नेटवर्क मंद झालं, उत्तरं उशिरा येऊ लागली. वासुदेवजी म्हणून सियागंजचे गुळाचे व्यापारी आहेत. त्यांनी एक गाडी गूळ मागवला, दारात तीन गाड्या उभ्या राहिल्या. आणखी सोळा जणांचं तेच झालं. अश्विनने रिपोर्ट लिहिला: नोंदवणाऱ्या भागाने एक मागणी तीनदा धरली, जबाबदार पंचशीला. मधुवंती मॅडम मॅनेजर. त्यांनी न विचारता सही केली.

त्या ऑफिसात एक रिवाज होता. ज्याच्यामुळे काम बिघडलं, त्याने रिपोर्टच्या दुसऱ्या सकाळी सगळ्या मजल्याला पोहे खिलवायचे. अडतीस माणसं. डबे मी चढवले, म्हणून मी तिथे होतो. अश्विनने पहिला घास घेतला.

"तिखट झालेत हो. महूवाले ना, लढाईची सवय!"

मजला हसला. पंचशीलाही हसली. ती अशी हसते तेव्हा मी तिच्या वाटेत येत नाही.

जिन्यात मी म्हटलं, "जा वर. दोन शब्द सुनाव त्याला."

"नाही बाबा. ओरडले तर म्हणेल, बाई भडकली. त्याला त्याच्याच नोंदी वाचायला लावते."

नोंदी तीस दिवस राहत, मग पुसल्या जात. नंतर रिपोर्टमधलं तिचं नाव कोणालाच खोडता आलं नसतं. तीन कॉम्प्युटरच्या तीन वेगळ्या नोंदी, अकरा हजार ओळी. नंबराला नंबर लावून त्या जोडायच्या. ऑफिसच्या वेळात तिने हात लावला नाही. रोजच्या कामात एक चूक सापडली असती, तर अश्विन तीच धरून बसला असता. म्हणून साडेचार.

नवव्या दिवशी कळलं, की त्यातल्या एका कॉम्प्युटरचं घड्याळ चार सेकंद मागे आहे. आधी काय झालं आणि मग काय, सगळं उलटंपालटं जुळलं होतं. तिने नऊ दिवसांचं काम फेकलं आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं. माझ्या लेखी हेच बरोबर. लेथवर माप चुकलेला जॉब घासून बसवत नाहीत.

सव्विसाव्या दिवशी तिला स्वतःची चूक सापडली. अडवायची सोय तिच्या भागात होती. अश्विन हो म्हणेल म्हणून ती थांबली होती. न विचारता चालू केली असती, तर दोन गाड्या वाचल्या असत्या.

"हे लिहू नको," मी म्हटलं.

"हेच पहिलं लिहिणार. मग त्याच्या हातात काय उरतं?"

एकोणतिसाव्या दिवशी महिन्याची मीटिंग. वासुदेवजी स्वतः आले होते. पुढचं मला तिने तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा अगदी सारखं.

तिने आधी आपली चूक सांगितली. मग गुळाच्या मागणीचा नंबर भिंतीवरच्या पडद्यावर लावला. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा निघाली अश्विनच्या भागातून. पुन्हा विचारायची सोय कोणी लावली: अश्विन, गुरुवार, सहा वाजून दहा मिनिटं.

"मतलब मेरा गुड़ तीन बार इन्होंने मंगाया?" वासुदेवजींनी विचारलं.

"टीमवर्क है जी," अश्विन म्हणाला. "किसी से भी हो सकता है."

"हो ना," पंचशीला म्हणाली. "मग रिपोर्टात टीमचं नाव का नव्हतं?"

मधुवंती मॅडमनी तिथेच रिपोर्ट बदलायला सांगितला. पंचशीलाने दोन्ही ओळी तयार आणल्या होत्या. वर अश्विन, खाली ती.

"अश्विनजी, तुम्हीच वाचा."

तो पुटपुटला.

"मागे ऐकू गेलं नाही."

त्याने परत वाचलं. स्वतःचं नाव तेवढं गाळलं.

"नाव राहिलं. परत."

तिसऱ्यांदा त्याने नीट वाचलं. कोणीतरी हळूच पोह्यांचा विषय काढला. अश्विन म्हणाला, "दोघांची चूक आहे, दोघं आणू."

"माझ्या वाटचे देऊन झाले," पंचशीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने अडतीस प्लेटी आणल्या. तिने घेतली नाही. तो समोर उभा राहिला, तरी घेतली नाही.

आठवड्याने मधुवंती मॅडमनी तिला बोलावलं. पगार वाढवू म्हणाल्या. मात्र दोन महिने अश्विनबरोबर बसून त्याला नव्या सोयी शिकवायच्या. लीड तोच राहणार.

पंचशीलाने राजीनामा दिला. नोटिस साठ दिवसांची होती, म्हणजे तेवढे दिवस त्यालाच शिकवणं. लगेच सुटायचं तर दोन महिन्यांचा पगार कंपनीला भरायचा.

तिची आई शालिनी म्हणाली, "अगं, एवढ्या पैशांत वरची खोली बांधून झाली असती. साठ दिवस असे निघून जातात."

"माझे निघतील, आई. पण त्याला सगळं फुकट शिकायला मिळेल."

साडेचारला उठून केलेल्या कामाचे तर पैसेच नव्हते. हे दिवसाच्या पुऱ्या कामाचे होते, साठवलेले. तिने ते त्याच दुपारी भरले. त्या दोन पगारांत तिने आपले साठ दिवस सोडवून घेतले, आणि अश्विनला तिच्याकडून एक अक्षर शिकायला मिळालं नाही.