व्याह्यांच्या गाडीचं तेल

नेरूळच्या खाडीकाठी, आमच्या सारसोळ्यात एखाद्या होडीचं इंजिन बंद पडलं की लोक आधी देवाचं नाव घेतात आणि मग देवजी कोळ्याचं. देवाला फोन लागत नाही, देवजीला लागतो, एवढाच काय तो फरक. माझ्या होडीचं इंजिन तोच सांभाळतो, म्हणून हक्काने सांगतो: माणूस लाखात एक, पण हरभऱ्याच्या झाडावर चढवला की उतरायचं विसरतो.

त्याची एकुलती एक मुलगी सुचिता. शाळा सुटली की दप्तर टाकून ती बापाच्या शेडमध्ये येऊन बसायची. बापाने हात पुढे केला की हवा तोच पाना त्याच्या हातात ठेवायची. पुढे नोकरीला लागली, ऑफिसातल्या अभिरामशी लग्न केलं आणि नेरूळलाच, स्टेशनपलीकडच्या फ्लॅटमध्ये नांदायला गेली. सासर भलं. सासरे सुभाषराव बँकेतून रिटायर झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, बोलायला मऊ. तरी तिथे चहाला गेलं की देवजी सोफ्याच्या टोकावर बसायचा, आणि तोंडातून 'आहे'ऐवजी 'हाय' निघालं की जीभ चावायचा. कोणी त्याला कमी लेखलं नव्हतं. ते काम तो स्वतःच करायचा.

सुभाषरावांचा जीव त्यांच्या जुन्या मोटरसायकलीत. लांबच्या प्रवासाची दणकट गाडी, पुढे काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. तिच्यावरून ते पार राजस्थानात जाऊन आले होते. तिच्या इंजिनातून तेल गळायला लागलं. ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलेलं, गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालची तेल अडवणारी पट्टी, मागवायचं तर महिना तरी जाणार, आणि रविवारी तर मित्रांबरोबर महाबळेश्वरला जायचं ठरलेलं.

"बाबांना दाखवा की," सुचिता चहा देता देता म्हणाली. "त्यांनी हात लावलेलं इंजिन परत गळत नाही."

सासरच्या माणसांत लेकीने असं मान वर करून आपलं नाव घेतलं, म्हटल्यावर देवजी फुलला. "शोरूमला कशाला देताव, व्याहीबुवा? मी हाय ना!" त्या दिवशी त्याने जीभ चावली नाही.

गाडी शेडमध्ये आली. उजव्या झाकणाचं गॅस्केट वाळून तडकलं होतं. होडीच्या इंजिनाला आम्ही काय करतो, तर जाड कागदाचं गॅस्केट कापायचं आणि त्यावर फटी बुजवणारं काळं, चिकट सीलंट बोटाने सढळ थापायचं. खाऱ्या पाण्यात कंजूषपणा चालत नाही. इंजिन मोठं, तेलाच्या वाटा रुंद, थोडं आत गेलं तरी बिघडत नाही. देवजीने इथेही तेच केलं. मी म्हटलंसुद्धा, "जरा जास्ती नाय झाला?"

"तू तुजा म्हावरा बग," तो म्हणाला. मग मी माझी मासळी बघायला गेलो.

शनिवारी गाडीखाली रात्रभर कोरा कागद पसरून ठेवला. सकाळी त्यावर तेलाचा एक डाग नव्हता. सुभाषरावांनी तो कागद घरी नेऊन सगळ्यांना दाखवला.

त्याच दिवशी घाट चढताना इंजिन जॅम झालं. चढ होता, वेग नव्हता, म्हणून सुभाषरावांचं खरचटण्यावर भागलं. गाडी टेम्पोत घालून आणली आणि त्या भल्या माणसाने ती दुसरीकडे कुठे न नेता थेट देवजीच्या दारात उतरवली. "तुम्हीच उघडा. दुसऱ्या कोणाचा हात नको." त्यांच्याबरोबर सुचिताही आली होती.

देवजीने झाकण काढलं, तळाची तेल गाळायची जाळी बाहेर काढली. तिच्यात काळे, रबरासारखे तुकडे गच्च बसले होते. आतल्या बाजूला ओघळलेलं सीलंट सुकून तुटलं होतं आणि त्याने तेलाची वाट बुजवली होती. तेलावाचून इंजिन आतल्या आत घासून गेलं होतं. देवजीने ते तुकडे ट्रेमध्ये टाकले.

"काय झालंय हो?" सुभाषरावांनी वाकून विचारलं.

'माझी चूक झाली', एवढंच देवजीने म्हणायचं होतं. सुभाषराव साधे ओरडलेही नसते. पण देवजीने लेकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तेलाचा पंप जुना झालेला. कंपनीचा मालच तसा. आपल्या कामाचा काय संबंध नाय."

सुचिताने ट्रेमध्ये पाहिलं. असलं सीलंट लहानपणी तिने नखांतून खरवडून काढलेलं, तिला ओळखायला कितीसा वेळ लागणार? तिने पुढे होऊन ट्रेमधले तुकडे मुठीत घेतले. "कचरा आहे नुसता," ती सासऱ्यांना म्हणाली. "बाबा म्हणतात तर पंपच असेल." आणि खाडीकडे चालू लागली. परत आली ती हात धुऊन.

"चालायचंच, गाडीचं वय झालं होतं," सुभाषराव म्हणाले. निघताना त्यांनी टाकीवरून एकदा हात फिरवला. देवजीला ते बघवेना, तो उगाच पाने पुसत बसला. पुढच्याच आठवड्यात ती गाडी भंगारात गेली.

त्यानंतर देवजी कितीदा तरी खरं सांगायला निघाला आणि स्टेशनवरून माघारी आला. "चोरी मी केली, न् लपवली पोरीनं," मला म्हणाला. "आता मी तोंड उघडला तं ती पन खोटी ठरते." लाजेने माणूस लहान होतो म्हणतात. मी तो होताना पाहिला. धक्क्यावर लोकांनी कौतुक केलं तर तो उठून जायचा.

पुढे सुचिताला मुलगा झाला, आणि मग त्या नातवाचं उष्टावण आलं. मलाही बोलावणं होतं, मी देवजीच्या शेजारीच बसलो होतो. सुभाषरावांचे धाकटे भाऊ जयप्रकाश म्हणाले, "आमच्या कारमधूनही तेल गळतंय हल्ली."

"मग देवजीभाऊंना दाखव," सुभाषराव म्हणाले. "असा हात नाही कोणाचा."

सुचिता बाळाचं तोंड पुसत होती. "नको काका," ती मान वर न करता म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्याचंच मला वाईट वाटलं. "बाबांचे हात हल्ली कापतात."

"अरेरे," कोणीतरी म्हणालं आणि सगळे देवजीच्या हातांकडे बघायला लागले. त्या सकाळीच या हातांनी माझ्या इंजिनातली इवलीशी स्प्रिंग एका दमात बसवली होती. सुचिताच्या सासूबाईंनी त्याच्यापुढे चहा धरला. देवजीने कपबशी घेतली आणि सगळ्यांच्या देखत, चहा बशीत सांडेपर्यंत हात थरथरवला.