अंकल आणि अलेक्झांड्रियाचं दीपगृह

जगात कुठेही काही चुकलं की त्याचा जाब आपणच विचारायचा असतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका बहारीनमध्ये, नईम भागातल्या आमच्या इमारतीत, माझ्या डोक्यावर राहत होता. वरच्या मजल्यावरचे हे अंकल वसईचे, एका हॉस्पिटलात स्टोअरकीपर. नळाला पाणी कमी आलं, फादरचं प्रवचन दहा मिनिटं लांबलं, रोटी जरा करपली, की अंकल तिथल्या तिथे उखडत. बेकरीवाला तर त्यांना लांबून पाहूनच चांगल्या रोट्या बाजूला काढायचा. संतापले की मराठी, हिंदी आणि अरबी अशी काही एकत्र व्हायची, की आपण कुठल्या भाषेत शिव्या खातोय हे समोरच्याला कळत नसे.

ऐंशीच्या दशकातल्या एका सुट्टीत वसईला न जाता ते अलेक्झांड्रियाला निघाले. शाळेच्या पुस्तकात त्यांनी तिथल्या प्राचीन दीपगृहाचं चित्र पाहिलं होतं. आंटी म्हणाल्या, "माझे गुडघे येणार नाहीत, तुम्ही जा." मी तेव्हा एकटा जीव, ऑफिसात अकाउंटंट, माझी वर्णी लागली.

पहिल्याच ठिकाणी ठिणगी पडली. गाईड म्हणजे एक मृदू बोलणारे वयस्कर गृहस्थ. म्हणाले, "याला पॉम्पेचा खांब म्हणतात. पण पॉम्पे या रोमन सेनापतीचा याच्याशी काही संबंध नाही. दुसऱ्याच सम्राटासाठी उभारला होता."

"मग नाव बदला ना! इतक्या वर्षांत कुणी साधा अर्ज केला नाही?"

पुढे प्राचीन ग्रंथालयाची चौकशी केली. ते नष्ट झालं होतं. सिकंदराची कबर? ती याच शहरात होती म्हणतात, पण सापडत नाही. अंकल भररस्त्यात उभे राहिले. "राजा सापडत नाही? माझ्या स्टोअरमध्ये एक कात्री सापडली नाही तर मला मेमो मिळतो!" मी ओशाळून गाईडकडे पाहिलं. तेही, जणू सिकंदर त्यांच्याच हातून हरवला होता, अशा चेहऱ्याने उभे होते.

शेवटी समुद्रावर पोचलो. समोर एक किल्ला होता. अंकलनी विचारलं, "लाइटहाउस?"

"मफी. आता नाही. भूकंपांत पडलं. त्याच जागेवर हा किल्ला बांधला."

आता अंकल या माणसाला समुद्रात टाकणार, म्हणून मी मधे सरसावलो. गाईड घाईघाईने म्हणाले, "पण त्याचे दगड यात वापरलेत म्हणतात. तो लाल खांब पाहा."

अंकल त्या खांबापाशी गेले, त्याच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा त्या गप्प राहण्याचीच भीती वाटली.

"अंकल, बरं वाटत नाही का?"

"पुढच्या महिन्यात खलास," ते म्हणाले. "व्हिसा कॅन्सल. माझ्या जागी नवा माणूस आलाय. परवा मला विचारतो, 'तुम्ही कोण?' बावीस वर्षं काढली रे मी तिथे. प्रत्येक कपाट माझ्या हाताने लावलंय."

"आंटींना माहीत आहे?"

"नाही. आधी हे बघून येऊ म्हटलं, मग सांगू."

मी त्यांच्या शेजारी खांबाला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळाने पहारेकरी बंद करायची वेळ झाली म्हणून सांगायला आला, तर अंकल त्याच्यावर खेकसले, "अजून पाच मिनिटं आहेत!" मला हायसं वाटलं.

परतल्यावर त्यांनी आंटींना सांगितलं. आंटी एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. भाजी तरी ताजी मिळेल." महिन्याभरात दोघं वसईला गेली. त्यांच्या जागी एक अतिशय सभ्य कुटुंब आलं, कुणाला उलट शब्द न बोलणारं. मग जिन्यातला दिवा गेला, त्याला तीन आठवडे झाले. आम्ही सगळे एकमेकांना "सांभाळून हं" म्हणत अंधारात चढायचो, आणि घरमालकाचं दार ठोठावायला कुणीच जात नव्हतं.