गॅस संपत नसतो

आमच्या घरात ‘गॅस’ हा शब्द चालत नसे. शेगडीखाली लाल टाकी होती, तिला आम्ही सिलेंडर म्हणायचो. शेगडी पेटवायची, बारीक करायची, विझवायची, पण गॅसचं नाव काढायचं नाही. पोटात गॅस झाला तरी ‘पोट फुगलं’ एवढंच सांगायचं. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते आणि नोकरीची सगळी वर्षं त्यांनी ज्या विभागात काढली, तिथे गॅस म्हणजे एकच. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस बसल्या जागी झोपतो तो उठत नाही. तिथल्या गोष्टी त्यांनी आम्हाला कधी सांगितल्या नाहीत. नियम तेवढे सांगितले. गॅस हा शब्द ऐकला की आधी बाहेर पडायचं, प्रश्न नंतर विचारायचे. धावायचं नाही, कारण धावलं की श्वास वाढतो. ओलं फडकं नाकाला लावायचं आणि वारा कुठून आहे ते बघून त्याला आडवं निघायचं. हे सगळं मला पाढे पाठ व्हायच्या आधी पाठ होतं.

अशा घरातल्या मुलीनं आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड घेतला. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. शेवटी बाबा बोलले, तेही माझ्याकडे न बघता. “पोरीनं ग्यासचं काम करू नये असं नाही म्हणून राहिलो मी. ग्यासचं काम कोणीच करू नये. घरातून एकानं केलं, पुरे झालं.” एसीतला गॅस वेगळा असतो, तो बंद पाइपात फिरतो, हे मी त्यांना वहीवर चित्र काढून दाखवलं. त्यांनी चित्र बघितलं, छान आहे म्हणाले आणि मत होतं तिथेच ठेवलं. हट्टीपणा माझ्यात कुठून आला हे मला कुणाला विचारावं लागलेलं नाही.

पास झाले आणि एका एसीच्या दुकानात लागले, तर त्यांनी मला काउंटरवर बसवलं. बाई शिडीवर चढलेली गिऱ्हाइकांना आवडत नाही म्हणे. तक्रारी लिहून घ्यायच्या आणि ज्यांना माझ्याइतकंच येत होतं त्यांना कामावर पाठवायचं, हेच मी काही वर्षं केलं. रोज संध्याकाळी खुर्सीपारला घरी येताना मी स्कूटीवर एकटीच भांडत यायची. एके दिवशी काउंटर सोडला आणि स्वतःचं काम सुरू करते म्हणून घरी सांगितलं. बाबांनी एकच उन्हाळा दिला. उन्हाळ्याच्या शेवटी हातात पक्कं काम असलं तर ते काही बोलणार नव्हते. नसलं तर मी परत काउंटरवर जायचं आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. मी दात आवळून हो म्हटलं.

बाबांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली. अंगणात फुटकी लाल बादली पडली होती, तिचा एक तुकडा कापला, तापलेल्या खिळ्यानं भोक पाडलं, सुतळी ओवली आणि पांढऱ्या रंगानं त्यावर लिहिलं, ‘आदमी काम पर है’. हा टॅग होता. कारखान्यात मशीनवर हात घालायच्या आधी तिचा स्विच बंद करून त्यावर असा लाल टॅग अडकवतात, आणि ज्यानं अडकवला त्यानंच तो काढायचा असतो. दुसऱ्या कुणी, अगदी साहेबानंही, त्याला हात लावायचा नाही. माझं काम त्यांना पटलं नव्हतं, पण टॅगशिवाय मी काम करणं त्यांना त्याहून पटलं नसतं. ‘आदमी’ वाचून मी हसले, तर म्हणाले की रंग संपला आहे, आता तसंच चालव.

मला काम मिळालं नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासचं. दाताच्या दवाखान्याच्या वर दोन मजले, प्रत्येक खोलीत एसी आणि सगळे एसी आजारी. आधीचा मिस्त्री फोन उचलत नव्हता म्हणून क्लासच्या सरांनी मला ठेवलं. एक उन्हाळा बघू, असं तेही म्हणाले. सगळ्यांना माझा एकच उन्हाळा बघायचा होता.

पहिल्या आठवड्यात मी सगळ्या जाळ्या काढून धुतल्या. भिलाईची धूळ काळपट-तांबूस असते आणि पाण्याबरोबर ती शाईसारखी वाहते. गच्चीवरच्या बाहेरच्या मशीनांतून तर चिखलच निघाला. अर्धे एसी नुसत्या आंघोळीनं बरे झाले. राहिला रिमोट. सोळावर लावल्यानं खोली लवकर गार होत नाही, हे मी या गावात जितक्या जणांना सांगितलं तितक्यांनी मान डोलावली आणि एसी पुन्हा सोळावर लावला. सर त्यातलेच.

मोठ्या हॉलचा एसी मात्र धुऊनही गार होईना. सर म्हणाले, “गॅस खतम हो गई होगी. भर दो, बात खतम.” दरवर्षी तसंच होत आलं होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गॅस भरायचा आणि तो पुढच्या उन्हाळ्याआधी ‘संपायचा’. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. एसीतला गॅस संपत नसतो. तो गाडीतलं पेट्रोल नाही की स्वयंपाकाचं सिलेंडर नाही. बंद पाइपात तोच तो फिरत राहतो, आणि कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळला. गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. मी सरांना सांगितलं की शोधल्याशिवाय भरणार नाही. तेव्हा परीक्षा तोंडावर होती आणि हॉलमध्ये रोज सराव पेपर चालू होते. सरांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत.

मी जिन्याजवळचा हॉलच्या एसीचा स्विच बंद केला आणि त्यावर टॅग अडकवला. सरांनी तो वाचून ‘आदमी’ कुठे आहे असं विचारलं, मी हत्यारांची पिशवी उचलली. मग गच्चीवर जाऊन उरलासुरला गॅस टाकीत काढून घेतला, रिकाम्या पाइपात नायट्रोजन दाबानं भरला, दाब दाखवणारं गेज जोडलं आणि साबणाचा फेस घेऊन पाइपाचा एकेक सांधा तपासायला बसले. जिथून गळतं तिथे फुगा येतो, काम एवढंच. पण मेच्या उन्हात गच्चीवर फेससुद्धा टिकत नाही. सांधे सगळे ठीक निघाले. दुपार उतरायला लागली तेव्हा मी लोखंडी पट्टीखालचा पाइप बघायला पट्टी सैल केली. मशीनच्या थरथरीनं तिथे तांबं घासत घासत झिजलं होतं. फेस लावला आणि माझ्या डोळ्यांदेखत एक बारीक फुगा आला, फुटला आणि दुसरा आला.

मला इतका आनंद झाला की मी जिन्याशी धावले आणि खाली ओरडले, “सर, मिल गया! गॅस लीक है!”

एसी बंद असल्यानं हॉलची दारं सताड उघडी होती. आत सराव पेपर चालू होता आणि बसलेली बहुतेक मुलं सेक्टरांतली, कारखान्याच्या वसाहतीतली, म्हणजे माझ्यासारख्याच घरांतली. खाली बाकं सरकल्याचा आवाज झाला, मग काहीच ऐकू येईना. मी कठड्यावरून वाकून बघितलं. मुलं रांगेनं रस्त्यावर येत होती. कुणी धावत नव्हतं. बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवून नाकाला लावले होते, आणि पुढच्या मुलीनं समोरच्या दुकानाचा झेंडा बघून वारा ओळखला आणि सगळ्यांना बाजूच्या गल्लीत वळवलं. त्यांच्यामागून दाताचा दवाखाना बाहेर आला. एक पेशंट गळ्याला फडकं बांधलेला, तोंड अजून उघडंच.

मी खाली धावले. तो गॅस नाही, हा एसीचा, आणि आत्ता पाइपात तोही नाही, नुसता नायट्रोजन आहे, असं समजावू लागले. नायट्रोजन ऐकून लोक आणखी मागे सरकले. पेपर रद्द करावा लागला. सरांनी आवाज चढवला नाही, पण सगळ्यांसमोर मला सांगितलं की सामान घे आणि जा. मी नुसती पिशवी घेऊन निघाले. वाटेत सिग्नलला उभी असताना मला रडू आलं, आणि हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत याचा राग आला.

घरी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता काउंटरची आठवण करून देतील. ते म्हणाले, मुलं धावली का? नाही म्हटलं. कोणत्या बाजूनं निघाली? वाऱ्याला आडवी, म्हटलं. “हुशार पोरं,” ते म्हणाले. मी भडकलेच. माझा उन्हाळा बुडाला होता आणि हे मुलांना मार्क देत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “टॅग काढला का तू?”

नव्हता काढला. गेजही वरच होतं.

“मंग काम बंद कुठं झालं?” ते म्हणाले आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. त्यांनी दुसरा मिस्त्री बोलावला होता, पण तो नुसताच बसून होता. क्लासचा चौकीदार पूर्वी कारखान्यात ठेकेदाराकडे होता. तो स्विचपुढे उभा राहिला होता आणि ज्याचा टॅग त्याचाच हात, यापलीकडे काही बोलत नव्हता. सर मालक होते, त्याला बाजूला करू शकले असते. पण सरही सेक्टरात वाढलेले, त्यांचाही हात त्या लाल तुकड्याला लागेना. येऊन तुझा टॅग काढून घे, असं ते म्हणाले.

मी गेले. दुसरा मिस्त्री, चौकीदार, सर, तिघंही स्विचपाशी होते. मी टॅगला हात न लावता म्हटलं, “टॅग काम होने के बाद ही निकलेगा, सर.”

सरांनी टॅग पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी दुसऱ्या मिस्त्रीला चहा पाजून पाठवून दिलं.

झिजलेला तुकडा कापून मी नवा पाइप जोडला, पट्टीखाली रबर घातलं, पुन्हा दाब भरला आणि गेज तसंच ठेवून घरी आले. दुसऱ्या दिवशी काटा होता तिथेच होता. मग पाइपातली हवा पंपानं ओढून काढली, गॅस तोलून भरला, खाली आले आणि माझ्या हातानं टॅग काढला. हॉल गार व्हायला लागला. सर एसीखाली उभे राहिले आणि रिमोट घेऊन एसी सोळावर नेला. मी तो त्यांच्या हातून घेतला आणि पंचविसावर आणला.

उन्हाळा संपताना त्यांनी पुढच्या वर्षाचं काम दिलं. अट एकच घातली, की गच्चीवरून तो शब्द ओरडायचा नाही. आता मी ‘छेद मिल गया’ असं ओरडते. पुढच्या उन्हाळ्यात मोठ्या हॉलला गॅसचा थेंबही भरावा लागला नाही.

घरी बाबांनी वचन पाळलं. काही बोलले नाहीत, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. मी त्यातच समाधान मानायला शिकत होते. मग एका सकाळी फाटकाशी कुणी अनोळखी मराठी माणूस आला. त्याच्या दुकानाचा एसी गार होत नव्हता आणि मिस्त्री कुठे भेटेल असं तो बाबांना विचारत होता. मी आईबरोबर स्वयंपाकघरात होते. बाबांचा आवाज नीट आत आला.

“बसा. ग्यासचं काम माह्या घरी पोरगी करते. लीक सापडल्याबिगर भरत नाही ते, आधीच सांगून ठेवतो.”

आईचा हात वरणाच्या पातेल्यावर थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, बाहेर बघितलं, आणि मग बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाली, “ग्यास बारीक कर वं, वरण उतू जाऊन राहिलं.”