तिथल्या टॅक्सीवाल्याशी बोलायची तयारी

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. माझी लेक जपानात आहे. डॉक्टरांनी तिला विमानाचा प्रवास नको म्हणून सांगितलं, म्हणजे आता माहेरानंच तिच्याकडे जायचं. बंगळूरपासून विमानात सोबत आहे. पुढं विमानतळावरून निघणारी बस थेट तिच्या गावच्या स्टेशनला येते. पण स्टेशनपासून घरापर्यंत मात्र टॅक्सी, आणि टॅक्सीत मी एकटी. जावयांची कारखान्यात पाळी असते, रजा मिळत नाही.

मला परक्या माणसाशी बोलता येत नाही. भाषेचा प्रश्न नाही, कन्नड मला मराठीइतकंच येतं. तोंडच उघडत नाही. एकदा इथं हुबळीत उणकलला उतरायचं होतं आणि रिक्षावाल्याला 'थांबा' म्हणणं जमलं नाही, म्हणून मी पार पुढं अमरगोळपर्यंत गेले. तिथं दुसऱ्या बायका उतरल्या तेव्हा त्यांच्या मागून उतरले. आमच्या ह्यांचा यावर एकच प्रश्न असतो, "इथं बोलत नाहीस, तिथं काय करशील?"

लेक म्हणाली, मी शिकवते. रोज दुपारी कामं आवरली की मी फोन घेऊन पलंगावर बसते. तिथं तेव्हा संध्याकाळ झालेली असते, तिच्या मागच्या खिडकीत दिवे लागलेले दिसतात. ती टॅक्सीवाली होते आणि मी टॅक्सीत बसणारी बाई.

"आधी सुमिमासेन म्हणायचं. तसदी देते, माफ करा, असं."

"बसायच्या आधीच माफी?"

"हो. मग पत्त्याचं कार्ड दाखवायचं आणि म्हणायचं, कोको माडे ओनेगाई शिमास. इथपर्यंत न्या, एवढी विनंती. आणि दार ओढू नकोस हं, ते आपोआप उघडतं."

"भाडं बसायच्या आधी ठरवायचं ना?"

"ठरवायचं नाही. मीटरवर असतं."

"आणि खरंच मीटरनं नेतात?"

ती एवढी हसली की पोटाला हात लावून थांबावं लागलं. मी घाबरले. "काही नाही गं, लाथ मारली बाळानं," ती म्हणाली.

वाक्यं पाठ झाली. मी मराठी शाळेत चौथीपर्यंतच शिकले, पण पाढे अजून विसरले नाहीत, तशी हीही बसली. अडलं ते दुसरीकडेच. मी विचारलं, "त्याला हाक काय मारायची? अण्णा?"

"काही नाही. नुसतं सुमिमासेन."

"म्हातारा असला तर?"

"तरी तेच. इथं नातं लावत नाहीत, आई."

आमच्या गावात भाजीवाली अक्का असते, कंडक्टर अण्णा असतो, पिकल्या केसांचा कुणीही अज्जा. मी बोलते थोडं, पण जे बोलते ते या एका शब्दाला धरून बोलते. तो तोंडातून गेला की समोरचा परका राहत नाही. तो नसेल तर सुरुवात कुठून करायची? मी पुन्हा म्हणून पाहिलं आणि शेवटी आपोआप आलंच, "ओनेगाई शिमास, अण्णा."

तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "तीन वर्षांत मी इथं कुणाला अण्णा म्हटलं नाही. दुकानात जाते, दवाखान्यात जाते, सगळे वाकून बोलतात. पण अक्का कुणी म्हणत नाही गं."

मग म्हणाली, "आता तू टॅक्सीवाली हो. विचार मला, कुठं जायचं."

मी विचारलं.

"हुबळी माडे ओनेगाई शिमास," म्हणाली आणि फोन उशीवर पालथा ठेवला. पडद्यावर काळोख, आणि तिच्या नाक ओढण्याचा आवाज. एवढं मऊ, एवढं अदबीचं मागणं, आणि ते पुरं करणं माझ्या हातात नव्हतं.

संध्याकाळी हे दाजीबानपेठेतल्या दुकानातून आले. मी चहा दिला आणि उभ्यानंच सांगितलं, "मी जाणार. आता पुन्हा 'जमेल का' विचारू नका." त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "लाडवांना डिंक किती आणू?"

परवा व्हिसा आला. मी तिला फोन केला, तर आधी तिला खरंच वाटेना.

"एकटी येशील?"

"येईन. बोलता नाही आलं तर कार्ड पुढं करीन."

"मी खाली रस्त्यावर उभी राहते."

"अजिबात नाही. पाय सुजलेत तुझे."

"खुर्ची आणून बसते मग."

"थंडीत? वरच थांब. मी येते जिना चढून."

"तुला आमचा मजला कुठं माहीत आहे?"

"विचारीन कुणाला तरी."

"तू? विचारशील?"

"का? विचारीन की!"

खूप वेळ आम्ही यावरच भांडलो. तिची जेवायची वेळ होऊन गेली होती, माझं दळण राहिलं होतं. भांडण मिटलं तर फोन ठेवावा लागेल, म्हणून मी काही केल्या ऐकेना, आणि तीही ऐकेना.